हेडफोन घातलेत, पण इंटरकॉम कळतोय का?

फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, डिझाइन ऑफिसात नव्यानं लागलेली पोरं पहिल्यांदा दबकत विचारतात, "हेडफोन चालतात का?" चालतात. कोल्हापूरकडची शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, कागल घ्या, भिंतीपलीकडं फेटलिंगचे, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायचे, ग्राइंडर किंचाळत असतात. अशात थ्रीडी मॉडेलवर डोकं लागायचं तर कान झाकावेच लागतात. साहेबांची तक्रार गाण्यांबद्दल नसते. टेबलावरचा इंटरकॉम वाजून वाजून बंद पडतो, तिथं त्यांचं डोकं फिरतं.

आणि ते बरोबरच आहे. खालून फोन येतो तो सहसा गप्पा मारायला नसतो. "सायब, कोअर बसंना झालाय, जरा खाली या," म्हणून मोल्डिंगवाले मामा रिसीव्हर धरून उभे असतात. कोअर म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. तो बसेतोवर साचा उघडा आणि मागची माणसं हात बांधून.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंखा, एसी, कॉम्प्रेसर यांची एकसुरी घरघर चांगली मारतात. घंटेचा चिरका आवाज त्यातून थोडाफार आत येतो, पण वर गाणं लागलं की तोही बुडतो. म्हणून पहिलं काम, आवाज खाली आणा. ग्राइंडरवर मात करायला व्हॉल्यूम वाढवत गेलात तर कानाचंच नुकसान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासच ऐकावा, आणि आपली ड्युटी त्याहून जास्तच भरते. फोनकडचा कान मोकळा ठेवून बसणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. हाडातून ऐकवणारे हेडफोन मात्र इथं कुचकामी, दोन्ही कान उघडे राहतात आणि सगळा ग्राइंडर आत येतो.

खरा उपाय डोळ्यांचा आहे. बहुतेकांचा फोन मॉनिटरच्या मागं, फायलींच्या आड असतो. तो आधी पुढं काढा, कीबोर्डच्या बाजूला. स्क्रीनकडं बघत असतानाही डोळ्याच्या कडेला लुकलुकणारा दिवा चटकन जाणवतो. साध्या फोनला दिवा नसेल तर रिंग इंडिकेटरची डबी लाइनला समांतर जोडून मिळते. घंटा वाजताना लाइनवर साधारण ७५ व्होल्ट एसी येतं, त्यावरच तो दिवा पेटतो. ही जोडणी ईपीएबीएक्स, म्हणजे कंपनीचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज, बघणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, स्वतः वायरी सोलत बसू नका. नेटवर्कच्या केबलवर चालणारा आयपी फोन असेल तर ही डबी चालत नाही, पण त्याला बहुधा स्वतःचा दिवा असतोच. फोन कॉम्प्युटरवरच असेल तर सेटिंगमध्ये रिंगचं साधन वेगळं निवडता येतं का बघा. गाणं हेडफोनला, घंटा स्पीकरला.

ईपीएबीएक्सवाल्याला गाठलंच आहे तर आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक, कॉल पिकअपचा कोड, म्हणजे तुमचा फोन शेजारच्याला त्याच्या जागेवरून उचलता येतो. दुसरी, उत्तर नाही मिळालं तर कॉल मोबाइलवर वळवायची सोय. मोबाइल मग खिशात, व्हायब्रेशनवर. टेबलावर ठेवलात तर त्याची थरथर तुम्हाला सोडून सगळ्या ऑफिसला कळते.

एवढं झालं की कुणाला तरी खालून फोन करायला सांगून बघा. जेवणाच्या सुट्टीत नको, ग्राइंडर सुरू असताना.