हँडिकॅप २६ ते ३.४ : स्क्रॅचच्या वाटेवरची अकरा वर्षं

लपाछपी खेळताना एखाद्याचं धाकटं भावंड मागे लागलं, की आम्ही त्याला ‘कच्चं लिंबू’ करून खेळात घ्यायचो. ते बाद झालं तरी त्याच्यावर राज्य नाही. गोल्फमधला हँडिकॅप म्हणजे हीच सवलत, फक्त आकड्यात मोजलेली. ज्याचा हँडिकॅप २६ त्याला साधारण २६ फटके माफ. ज्याला एकही माफ नाही तो स्क्रॅच. जुन्या धावण्याच्या शर्यतींत सवलत न मिळालेला धावपटू जमिनीवर ओरखडलेल्या रेषेवरून निघायचा, त्या ओरखड्यावरून हा शब्द आला.

मी पुण्यात नोकरी करतो. वयाच्या एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा गोल्फची काठी हातात घेतली, आता बेचाळिसावं चालू आहे. २६ पासून ३.४ पर्यंत आलो आहे. स्क्रॅच अजून झालेलो नाही, पण व्हायचं आहे, आणि ही इच्छा मी कुणापासून लपवत नाही. नव्याने खेळू लागलेले बरेच जण विचारतात, की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला हे कुणी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं, तर दोन-तीन वर्षं वाचली असती.

सगळ्यात आधी हँडिकॅप कसा निघतो ते नीट समजून घ्या. माझ्याबरोबर खेळणाऱ्या कितीतरी लोकांना दहा वर्षं खेळूनही ते माहीत नाही. २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू झाली आहे. आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखाली क्लबमार्फत हँडिकॅप इंडेक्स मिळतो. ५४ होलची (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खड्डा आणि तिथवरची वाट) फटके लिहिलेली कार्डं भरली की पहिला आकडा हातात येतो, म्हणजे १८ होलच्या तीन फेऱ्या पुरतात. तो ५४ पर्यंत कितीही असू शकतो, त्यामुळे ‘आधी चांगलं खेळायला शिकतो, मग हँडिकॅप काढतो’ असं म्हणत थांबायचं कारण नाही.

प्रत्येक कोर्सला दोन आकडे दिलेले असतात. कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागावेत, आणि स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला तो कोर्स स्क्रॅचवाल्याच्या तुलनेत किती जास्त छळतो. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो, प्रमाण धरलेला आकडा ११३. समजा रेटिंग ७०.८, स्लोप १२६ आणि तुमचे फटके ८२. मग ८२ वजा ७०.८ म्हणजे ११.२, त्याला ११३ भागिले १२६ ने गुणलं की येतात १०.०. हा त्या दिवसाचा फरक. अशा शेवटच्या २० फेऱ्यांतले सर्वांत चांगले, म्हणजे सर्वांत लहान, ८ फरक घेऊन त्यांची सरासरी काढली, की तो तुमचा इंडेक्स.

वीसातले आठ! हे कळलं त्या दिवशी माझा स्क्रॅचकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. मला वाटायचं, स्क्रॅच खेळाडू रोज पार खेळतो, म्हणजे कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांत संपवतो. तसं नाही. त्याच्या आठ चांगल्या फेऱ्या रेटिंगच्या आसपास असतात, उरलेल्या बारांत त्याच कोर्सवर ७४, ७६, कधी ७९ सुद्धा असतात. एखादी फेरी बिघडली म्हणून स्वप्न मोडत नाही. पण वीसपैकी आठ वेळा शेवटपर्यंत काही बिघडू न देणं, हे मात्र जमावं लागतं.

आता खरेपणाबद्दल. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा धडा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मिळाला. आमच्या शनिवारच्या चौघांच्या फोरबॉलमध्ये दोन-अडीच फुटांचे पट (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायचे फटके) सगळे एकमेकांना सोडून द्यायचे. ‘उचल रे, आहेच तो.’ पहिल्या टीवरून, म्हणजे होल सुरू करायच्या जागेवरून, चेंडू झाडीत गेला की दुसरा मारायचा आणि पहिला विसरायचा. त्या खेळावर माझा इंडेक्स ११ झाला आणि मी तो अभिमानाने सांगत फिरलो. मग क्लबच्या मासिक स्पर्धेत उतरलो, तिथे प्रत्येक चेंडू होलमध्ये जाईपर्यंत मोजतात. त्या दिवशी मी तीन फुटांच्या आतले पाच पट चुकवले आणि ९४ फटक्यांचं कार्ड सहीसाठी पुढे केलं. माझे फटके मोजून सही करणाऱ्या मार्करने काहीही म्हटलं नाही. घरी येऊन मी जुनी सगळी कार्डं काढून बसलो. त्या आकड्यांत माझा खेळ नव्हताच, मित्रांचा चांगुलपणा होता.

त्यानंतर आजवर एकही पट सोडून घेतला नाही. इंडेक्स १४.६ वर गेला, तो खरा होता. नवख्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, की पहिल्या दिवसापासून सगळं मोजा. खोट्या ११ वरून पुढे जाता येत नाही, कारण फटके नेमके कुठे जातात हे त्यात दिसतच नाही.

दिसावं म्हणून मी वही केली. साधी दोनशे पानी. प्रत्येक डबल बोगीला (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन जास्त) एक ओळ: कोणतं होल, काय झालं, का झालं. इंडेक्स १२ च्या आसपास असताना २० फेऱ्यांत ५१ डबल बोगी किंवा त्याहून वाईट होल निघाले. त्यातले १९ टीवरून चेंडू हद्दीबाहेर किंवा पाण्यात गेल्यामुळे. १४ झाडांतून चमत्कार करायला गेलो म्हणून. ११ ग्रीनच्या कडेला चिप (जवळून उचललेला छोटा फटका) किंवा बंकरचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातला, शॉट दोनदा मारावा लागला म्हणून. आणि तीन पट लागल्यामुळे फक्त ७. त्या वर्षी मी पैसे कशावर खर्च केले होते? नव्या पटरवर.

त्या १४ चं औषध मला एका वयस्कर कॅडीकाकांनी दिलं. ते चाळीस वर्षं खेळाडूंच्या काठ्यांची बॅग उचलत होते. मी झाडांमागे अडकलो होतो, दोन फांद्यांच्या मधून ग्रीन दिसत होतं. मी लांब मारायचं पाच नंबर आयर्न मागितलं. त्यांनी जवळ मारायचा वेज काढून हातात दिला आणि म्हणाले, “सर, मनातलं नका मारू, हातातलं मारा. आडवा काढा, फेअरवेवर ठेवा. पुढचा ग्रीनवर जाईल, एखादा पटही पडेल.” मी फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, आडवा काढला आणि बोगी झाली, एकच फटका जास्त. त्या होलवर त्याआधीच्या चार फेऱ्यांत मी ७, ६, ८, ७ केले होते. कॅडीला फक्त बॅग वाहणारा माणूस समजू नका. आपल्या देशातलं कितीतरी गोल्फ कॅडींच्या वस्त्यांतून वर आलं आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर मूळचा कॅडीच होता, आणि पुढे दोनदा ती स्पर्धा जिंकणारा एसएसपी चौरसिया कोलकात्यात ग्रीन राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. कॅडीकाकांना विचारा, ऐका, आणि त्यांचे पैसे देताना घासाघीस करू नका.

टीवरच्या १९ साठी जास्त वेळ लागला. रेटिंग ठरवताना स्क्रॅच पुरुष खेळाडूचा टीवरचा फटका २५० यार्ड धरतात. मी त्या आकड्याच्या मागे लागलो आणि जोर लावत गेलो. माझा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, खरं तर २३५ च्या पुढे क्वचितच जातो. शेवटी दोन अरुंद होलवर ड्रायव्हर बॅगेतच ठेवायचा असं ठरवलं. याचा अर्थ लांबी महत्त्वाची नाही असा मात्र घेऊ नका. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या. चांगल्या आणि साधारण खेळाडूतला सुमारे दोन तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांतून पडतो, चिप आणि पट यांतून एक तृतीयांश, असं त्यांना दिसलं. ‘पट म्हणजेच पैसा’ हे ऐकत मोठे झालेल्या आम्हा सगळ्यांना हे पचायला जड गेलं. पण माझी वहीसुद्धा तेच सांगत होती.

मग पटिंगचं काय? तिथे आधी अपेक्षा जागेवर आणा. जगातले उत्तम व्यावसायिकही आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. वीस फुटांवरून सातांतला एखादाच पडतो. हे कळल्यापासून लांबचा पट चुकला की मला राग येत नाही. मी दोनच गोष्टी घोटतो: तीस फुटांवरून चेंडू होलजवळ थांबवणं, आणि पाच फुटांच्या आतले पट. घरी रात्री जेवणानंतर सतरंजीवर दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंट्या, रोवल्यासारख्या उभ्या करून त्यांच्या फटीतून पन्नास पट. बायको म्हणते, त्या टकटक आवाजाशिवाय मुलीला झोप येत नाही.

चिपिंगचा सराव एकाच चेंडूने करा. हे फार मोलाचं आहे. बादलीभर चेंडू एकाच जागेवरून मारले की पाचवा चांगला बसतो आणि वाटतं, आलं. कोर्सवर पाचवा मिळत नाही. एक चेंडू टाकायचा, चिप करायची, तोच पट करून होलमध्ये घालायचा आणि दोनात झालं की नाही ते लिहायचं. वीसपैकी माझे सुरुवातीला ६ व्हायचे, आता ११-१२ होतात.

शरीराकडे मी दुर्लक्ष केलं आणि त्याची किंमत मोजली. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मॅटवरून रोज दोनशे चेंडू मारायचो. मॅटवर काठी चेंडूच्या मागे आपटली तरी घसरून पुढे जाते, त्यामुळे चूक कळत नाही, पण हादरा कोपरात साठत जातो. डावं कोपर असं धरलं, की चहाचा कप उचलवेना. चार महिने खेळ बंद. आता आठवड्यात दीडशेच्या वर चेंडू मारत नाही, त्यातले शक्य तेवढे गवतावरून, आणि पाठ, कंबर, मनगटं यांचा व्यायाम आठवड्यातून तीनदा. तिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी हे सुरुवातीपासूनच करावं.

प्रशिक्षकाबद्दल एकच सांगतो: लवकर जा. मी सहा वर्षं स्वतःच शिकत राहिलो. इंडेक्स ७.२ असताना शिक्षकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी ग्रिप बदलायला लावली. पुढचे आठ महिने चेंडू कुठेही जायचा, इंडेक्स ९.८ झाला. मी दोनदा जुन्या ग्रिपवर परतलो आणि दोनदा त्यांनी शांतपणे हात धरून बोटं जागेवर ठेवली. दहाव्या महिन्यात एका सकाळी सात नंबर आयर्न असं लागलं, की हाताला चेंडू जाणवलाच नाही. त्या एका आवाजासाठी ते आठ महिने मी पुन्हा काढेन.

आपल्या हवेचाही अभ्यास करा. परदेशी व्हिडिओंमधला सल्ला जसाच्या तसा इथे चालत नाही. एप्रिल-मेमध्ये फेअरवे तव्यासारखे कडक होतात, चेंडू चाळीस यार्ड घरंगळतो आणि बऱ्याचदा रफमध्येच, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, जाऊन थांबतो. जुलैमध्ये तोच चेंडू पडल्या जागी रुततो. पावसाळ्यात क्लब बहुधा फेअरवेवरचा चेंडू उचलून पुसून ठेवायची मुभा देतात, ती आहे का हे पहिल्या टीवर जाण्याआधी विचारा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याने इथे चेंडू मुंबईपेक्षा दोनेक टक्के लांब जातो. चेंबूरला खेळायला गेलो की दीडशे यार्डांना तीन यार्ड कमी धरतो, आणि दुपारी समोरून वारा सुटला की एक काठी जास्त घेतो.

सुरुवातीला महाग सेट घेऊ नका. नियमाने चौदा काठ्या नेता येतात, पण पहिलं वर्ष सात पुरतात. माझा पहिला सेट जुना, एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेला होता आणि त्यावर मी १८ पर्यंत आलो. क्लबचं सदस्यत्व परवडत नसेल तरी वाटा आहेत. खारघरला सिडकोने उभारलेला कोर्स सदस्य नसलेल्यांनाही पैसे भरून खेळता येतो. पुण्यात रेंजवर कुणीही जाऊ शकतं. हा खेळ फक्त बंगल्यांतल्या लोकांचा आहे, असं मनात धरून माझ्यासारखे कितीतरी जण उशिरा आले, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्पर्धेत अदिती अशोक चौथी आली. त्या आठवड्यात आमच्या रेंजवर शाळकरी मुलं आईवडिलांचा हात धरून आली होती. त्यातली दोन अजून येतात, आणि त्यातली एक मुलगी आता माझ्याहून सरळ मारते.

सध्या माझी कामं दोन आहेत. शंभर यार्डांच्या आतले वेज, कारण वहीतल्या नव्या नोंदी तिथेच साठत आहेत, आणि शेवटचे तीन होल. चांगली फेरी चालली असेल तर पंधराव्यानंतर माझं मन बेरीज करू लागतं आणि हात आखडतात. त्यावर उपाय म्हणून पंधराव्यापासून कार्ड मी कॅडीकाकांच्या मुलाकडे देतो. हल्ली माझी बॅग तोच उचलतो. आकडे तो लिहितो, मला अठराव्यानंतरच दाखवतो.

येत्या शनिवारी माझ्या वीस फेऱ्यांच्या यादीतला सर्वांत जुना आकडा गळणार आहे. तो नेमका ७२ चा आहे, माझ्या सर्वोत्तम आठांतला. त्याच्या जागी यादीतला नववा, ७७ चा, वर येईल आणि शनिवारी त्याहून चांगलं खेळलो नाही तर इंडेक्स ४ होईल. सकाळी ६:४० चा टी-टाइम मिळाला आहे. पोरगा म्हणाला, “सर, दहा मिनिटं लवकर या, ग्रीनवर दव असेल, दोन-चार पट मारून बघू.”