चरबीतील पेशी वापरून कूर्चा दुरुस्त करण्याचा निर्णय कसा घ्यावा

सांध्यातील कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात आणि पेशीही अगदी विरळ असतात. त्यामुळे तिला इजा झाली तरी ती त्वचेसारखी आपोआप भरून येत नाही. पोटाच्या किंवा मांडीच्या चरबीतून निघणाऱ्या पेशींपासून कूर्चा, हाड व स्नायू यांच्या पेशी घडवता येतात, हे पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले. तेव्हापासून या पेशींकडे मोठ्या आशेने पाहिले जाते. ही आशा निराधार नाही, परंतु उपचार स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने तपासून घ्याव्यात.

सर्वप्रथम इजा कोणत्या प्रकारची आहे हे निश्चित करावे. खेळताना किंवा अपघातात कूर्चेचा एखादा तुकडा निघून तेवढ्याच जागी खड्डा पडणे वेगळे, आणि वयानुसार संपूर्ण सांध्याची झीज होणे वेगळे. पहिल्या प्रकारात भरून काढण्यासारखी जागा असते. दुसऱ्या प्रकारात हाड, सांध्याचे आतील आवरण आणि गादी (हाडांमधील धक्का शोषणारी चकती) असे सगळेच बिघडलेले असते. त्यासाठी उभे राहून काढलेला एक्स-रे आणि एमआरआय दोन्ही पाहावेत. पाय बाहेरच्या बाजूला वाकलेला असेल, अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) सैल असेल किंवा गादी फाटलेली असेल, तर त्याचा उपाय आधी किंवा सोबतच करावा लागतो, कारण वजनाचा भार चुकीच्या जागी पडत राहिल्यास नवी ऊतीही टिकत नाही. सांध्यात जंतुसंसर्ग असताना किंवा कर्करोगावर उपचार सुरू असताना हा मार्ग सहसा टाळला जातो.

त्यानंतर डॉक्टरांना नेमके विचारावे की सांध्यात काय सोडले जाणार आहे. ‘स्टेम सेल’, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळपेशी, या एकाच नावाखाली तीन निराळ्या गोष्टी दिल्या जातात. पहिलीत चरबी केवळ धुऊन, यांत्रिक पद्धतीने तिचे बारीक कण करून वापरतात. दुसरीत चरबीवर कोलॅजेनेज या, पेशींना बांधून ठेवणारे तंतू विरघळवणाऱ्या विकराची (एन्झाइमची) 37 अंश सेल्सिअस तापमानात प्रक्रिया करतात आणि सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला पेशींचा साका घेतात. या साक्यात रक्तपेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी आणि थोड्या मूळपेशी असे मिश्रण असते. तिसरीत त्यातील मूळपेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात. या तिन्हींची गुणवत्ता, कायदेशीर स्थिती आणि पुरावा सारखा नाही. पेशी वाढवलेल्या असतील तर त्यांची संख्या, त्यांपैकी किती जिवंत आहेत आणि जंतुमुक्ततेची चाचणी झाली आहे का, याचा लेखी अहवाल मागावा. तो मागण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

चरबी काढताना लिडोकेन (भूल देणारे औषध) व अॅड्रेनालिन (रक्तस्राव कमी करणारे औषध) मिसळलेला द्रव त्वचेखाली भरून बारीक नळीने ती ओढून घेतात. भूल देणारी काही औषधे कूर्चेच्या पेशींना घातक ठरतात, म्हणून चरबी नीट धुतली जाणे महत्त्वाचे असते. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास ती आधीच सांगावीत.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सुईने सांध्यात सोडलेल्या पेशींपैकी फार थोड्या तेथे टिकतात आणि त्यांची कूर्चा होतेच असे नाही. त्या मुख्यतः दाह कमी करणारी द्रव्ये स्रवतात, असे आजचे आकलन आहे. त्यामुळे इंजेक्शनकडून वेदना कमी होण्याची अपेक्षा ठेवावी, खड्डा बुजण्याची नव्हे. वेदनेबाबतही सावध राहावे: 2023 मध्ये अमेरिकेतील चारशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत चरबीतील साका, अस्थिमज्जा आणि नाळेतील पेशी यांपैकी काहीही एका वर्षानंतर स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. दुसरीकडे, कोरियात 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात, वाढवलेल्या दहा कोटी पेशी दिलेल्या गटात वेदना व कूर्चेची स्थिती सुधारली. परंतु त्यात तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता, म्हणून त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मर्यादित खड्ड्यासाठी दुर्बिणीने किंवा छोट्या छेदातून पेशी जाळीदार आधारासह नेमक्या जागी बसवण्याचा मार्ग अधिक तर्कसंगत वाटतो, मात्र तेथेही तयार होणारी ऊती अनेकदा मूळ काचेसारख्या कूर्चेऐवजी तंतुमय असते आणि ती घर्षण कमी सहन करते.

पेशी जागी बसवल्यावर साधारण सहा आठवडे पायावर पूर्ण भार देऊ नये, आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सांधा हळूहळू हलवत राहावा, कारण हालचालीतूनच कूर्चेला पोषण मिळते. इंजेक्शननंतर काही दिवस सूज राहू शकते. ताप आला किंवा सांधा लाल होऊन वेदना वाढत गेल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. उपचारापूर्वी वेदनेची व चालण्याच्या क्षमतेची प्रश्नावली भरून ठेवावी आणि सहा महिन्यांनी व वर्षाने तीच पुन्हा भरावी. खड्डा भरला की नाही हे पाहण्यासाठी वर्षभराने एमआरआय करावा, आणि तो शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांव्यतिरिक्त दुसऱ्या तज्ज्ञाकडून वाचून घ्यावा.