सिरप की ड्रॉप्स? पॅरासिटामॉलच्या मात्रेचा एक तास

कोल्हापुरात सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या) बालरुग्ण ओपीडीत विद्यार्थी बसवण्याआधी हा तास घ्या. टेबलावर तीन बाटल्या ठेवा: १२५ मिग्रॅ/५ मिली सिरप, २५० मिग्रॅ/५ मिली सिरप, १०० मिग्रॅ/मिली ड्रॉप्स. बाळाचं वजन १२ किलो, किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे १८० मिग्रॅ. उत्तर मिलीत मागा: ७.२, ३.६, १.८.

घोळ इथेच होतो. सिरपचे ‘७ मिली’ लक्षात ठेवून ड्रॉप्स पाजले, तर ७०० मिग्रॅ पोटात, जवळपास चौपट! म्हणून चिठ्ठीवर मिग्रॅ, मिली आणि बाटलीची तीव्रता, तिन्ही हवंच.

मग एकानं आई व्हायचं: ‘पोरगं तापलंय, किती चमचं पाजू?’ घरचा चमचा बाद, सिरिंजनं मोजून दाखवायचं. दोन मात्रांत किमान ४ तास (६ बरे), दिवसाला जास्तीत जास्त ४ मात्रा. सर्दीचं औषध चालू आहे का, हे विचारायला विद्यार्थी हमखास विसरतात. त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं.