अक्रोडाचा दस्ता आणि निळसर पोलाद: जुनी शिकारी रायफल कशी पाहावी

जुनी शिकारी रायफल समोर आली की बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते. पोलादावर कोरलेला वाघ, दस्त्यावरची चांदीची पट्टी, एखाद्या संस्थानाचे राजचिन्ह यांवर ती खिळते आणि पाहणे तिथेच संपते. नक्षी मात्र पैसे मोजून नंतरही करून घेता येते, म्हणून मी तिच्याकडे सर्वांत शेवटी वळतो. लाकूड आणि पोलाद जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्यापासून पाहायला सुरुवात करावी, कारण कारागिराने घाई केली असेल तर ती तिथे लपत नाही.

इथे माझ्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा आणि मागून नळी बंद करणारा पोलादी दांडा, मागेपुढे करून चालवायच्या रायफली आहेत. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या पाउल माउझर यांची १८९८ सालची रचना, तिच्यावर लंडन आणि बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी बेतलेल्या रायफली आणि अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने १९३६ मध्ये बाजारात आणलेली ‘मॉडेल ७०’ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. आपल्याकडे अशा रायफली संस्थानिकांच्या संग्रहांत आणि शिकारीचा वारसा असलेल्या जुन्या घराण्यांत आढळतात. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात शस्त्रांबरोबर शिकारीच्या काळातील पेंढा भरलेले प्राणीही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो अध्याय मिटला आणि तो मिटला हे योग्यच झाले. त्या काळची कारागिरी पाहण्यासाठी त्या काळचा छंद पुन्हा जोपासण्याची गरज नाही.

एखाद्या परवानाधारकाच्या घरी रायफल पाहण्याची संधी मिळाली, तर हात लावण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी आणि बोल्ट त्यांनाच उघडू द्यावा. काडतुसाचे घर आणि मॅगझिन (जादा काडतुसांची पेटी) दोन्ही रिकामे असल्याची खात्री त्यांच्याबरोबर आपणही डोळ्यांनी करावी. नळीचे तोंड कोणाकडेही वळू देऊ नये. अंगठी आणि घड्याळ आधीच काढून ठेवावे, कारण ब्लूइंगवर, म्हणजे पोलादावरच्या निळसर थरावर, उमटलेला ओरखडा कायमचा राहतो. जुनी रायफल जाणकार बंदूककाराने तपासल्याशिवाय तिच्यातून बार काढण्याचा विचारही मनात आणू नये.

आता सांध्याकडे वळू. दस्त्यात पोलादी भाग बसवण्यासाठी कारागीर त्या भागावर काजळीचा पातळ थर देतो, तो भाग लाकडाच्या खाचेत दाबतो आणि उचलून पाहतो. जिथे काळा डाग उमटला असेल तेवढेच लाकूड पटाशीने किंवा खरवडणीने काढतो, आणि हे शेकडो वेळा, डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत चालते. या कष्टामागे केवळ देखणेपणाचा हट्ट नाही. बार निघाल्यावर मागे बसणारा धक्का पोलादाच्या खालच्या बाजूचा एक जाड खांब लाकडावर सोपवतो, आणि तिथला स्पर्श अपुरा किंवा तिरका असेल तर दस्ता कालांतराने तडकतो. म्हणून बोल्टच्या मागे, जिथे पोलाद संपून मूठ सुरू होते, तिथे केसाएवढी बारीक चीर आहे का हे बारकाईने पाहावे. उत्तम कामात लाकडाची कड पोलादापेक्षा किंचित उंच ठेवलेली असते आणि तिचा उंचवटा सगळीकडे एकसारखा असतो. लाकूड पोलादाच्या खाली गेलेले दिसले, तर नंतर कोणीतरी दस्ता घासून चकचकीत केला आहे असे समजावे.

लाकूड बहुतेक वेळा अक्रोडाचेच असते. काश्मीर, तुर्कस्तान, काकेशस आणि फ्रान्स येथील अक्रोड एकाच जातीचा आहे, तर अमेरिकेतील काळा अक्रोड वेगळ्या जातीचा, रंगाने अधिक एकसारखा आणि पोताने थोडा भरड असतो. वजनाला हलके, धक्का सोसणारे, बारीक कोरीव काम कड न तुटता स्वीकारणारे आणि नीट वाळल्यावर फारसे न वाकणारे असे दुसरे लाकूड सहज सापडत नाही. त्यासाठी लाकडाचा ठोकळा वर्षानुवर्षे सावलीत वाळवला जातो. दस्ता पाहताना लोक मागच्या रुंद भागातील ढगांसारख्या काळ्या-तपकिरी रेषांवर भाळतात, पण आधी मूठ पाहावी. तिथे लाकडाचे तंतू मुठीच्या वळणाबरोबर सरळ पुढे गेलेले असले पाहिजेत, कारण दस्त्याचा सर्वांत बारीक आणि नाजूक भाग तोच असतो. नागमोडी नक्षीदार तंतू मुठीत असलेला दस्ता देखणा खरा, पण तो निवडणाऱ्याच्या समजुतीबद्दल मला शंका येते. उत्तम दस्त्यात रंगांचा खेळ मागे असतो आणि मूठ साधी असते.

लाकडावरची झळाळी कशी आहे, हेही ध्यानात घ्यावे. जुन्या इंग्लिश दस्त्यांना जवसाच्या तेलाचे हात देत, आणि लालसर छटेसाठी त्या तेलात आपल्या रतनजोतीच्या कुळातल्याच एका वनस्पतीची मुळे भिजवत. तेल तळहाताने चोळून मुरवले जाते. त्यामुळे रंध्रे भरतात, पण पृष्ठभागावर काचेसारखा थर चढत नाही. मुठीवर आणि नळीखालच्या भागावर हाताची पकड घट्ट बसावी म्हणून चौकटींची जाळी कोरलेली असते, तिला चेकरिंग म्हणतात. एका इंचात वीस ते सव्वीस रेषा हे चांगल्या कामाचे सामान्य प्रमाण होय. भिंग घेऊन जाळीच्या कडेला पाहावे: प्रत्येक चौकट टोकदार आहे का, आणि एखादी रेषा कडेची मर्यादा ओलांडून बाहेर निसटली आहे का, एवढे दोनच प्रश्न पुरेसे आहेत.

निळसर पोलाद हा मात्र थोडा विसावून समजून घेण्याचा विषय आहे, कारण ते निळेपण म्हणजे रंगाचा लेप नसून लगाम घातलेला गंज असतो. पारंपरिक पद्धतीत नळी घासून, तेलाचा अंशही राहणार नाही अशी स्वच्छ करतात, तिच्यावर आम्लयुक्त द्रावण फिरवतात आणि दमट पेटीत तिच्यावर तांबूस गंज येऊ देतात. मग ती उकळत्या पाण्यात बुडवली की तो तांबडा गंज काळ्या, घट्ट चिकटून राहणाऱ्या लोह-ऑक्साइडमध्ये बदलतो. वरची सुटी काजळी बारीक तारेच्या ब्रशने काढून टाकतात आणि तीच क्रिया पुन्हा करतात. हे चक्र अनेक वेळा, अनेक दिवस चालते. दर फेरीला रंग थोडा गडद होतो आणि शेवटी पावसाळी संध्याकाळच्या आभाळासारखा मऊ, खोल निळा-काळा पडदा तयार होतो. १९३० च्या दशकापासून कारखान्यांत रुळलेली गरम क्षारांची पद्धत झटपट आहे: सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात पोलाद बुडवले की अर्ध्या तासाच्या आसपास काम होते. मात्र दोन नळ्या शिशाच्या मिश्रधातूने जोडलेल्या दुनळी रायफलीला ही पद्धत चालत नाही, कारण तो क्षार जोडच खाऊन टाकतो; म्हणून तशा रायफली आजही सावकाश गंजवूनच निळ्या केल्या जातात. स्क्रू आणि इतर लहान भागांवर कधी मोरपिशी निळा दिसतो, तो वितळलेल्या सोऱ्यात तापवून आणलेला असतो.

ब्लूइंग मूळचे आहे की नंतर केलेले, हे ओळखायला शिकले की अर्धे काम झाले. रायफल खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावी आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा पाहाव्यात. पुन्हा ब्लूइंग करण्यापूर्वी चाकावर घासलेल्या पोलादावर अक्षरे पुसट होतात, स्क्रूभोवती बशीसारखा खळगा पडतो आणि सपाट बाजूंच्या धारदार कडा गोलावतात. परिचयातील एका कुटुंबाने आजोबांची रायफल ‘नव्यासारखी’ करून घेतली होती. तिच्यावर बंदूककाराचे नाव अर्धवट वाचता येत होते आणि सगळीकडे सारखाच, बुटाच्या पॉलिशसारखा काळा रंग होता. त्यांच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून मी गप्प राहिलो. याउलट नळीच्या तोंडाशी, बोल्टच्या मुठीवर आणि रायफल एका हातात तोलून धरताना जिथे पंजा बसतो त्या मॅगझिनच्या खालच्या पत्र्यावर निळा रंग झिजून रुपेरी झालेला असेल, तर ती झीज प्रामाणिक आहे, आणि ती पुसण्याचा मोह टाळणे हेच जतन होय.

यानंतर मालकांना बोल्ट चालवायला सांगावे आणि डोळे मिटून ऐकावे. माउझरच्या १८९८ च्या रचनेत बोल्टच्या कडेला एक लांब पोलादी पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून वर येताच तो त्याची कड पकडतो आणि नळीत जाईपर्यंत सोडत नाही. त्यामुळे घाबरलेल्या शिकाऱ्याने बोल्ट अर्धवट ढकलून मागे ओढला, तरी एकामागे दुसरे काडतूस अडकत नाही. विंचेस्टरच्या मॉडेल ७० मध्येही असाच पंजा होता, पण खर्च वाचवण्यासाठी १९६४ मध्ये तो काढला गेला आणि कोरलेल्या चेकरिंगऐवजी साच्याने दाबलेली जाळी आली. ग्राहक नाराज झाले आणि ‘चौसष्टपूर्व’ हा शब्द अमेरिकन संग्राहकांच्या तोंडी कायमचा बसला. माझ्या मते या शब्दाभोवती थोडी भाबडी भक्तीही जमली आहे. चौसष्टपूर्व प्रत्येक रायफल उत्तम नसते.

लाकडी दस्त्याची उणीवही मान्य केली पाहिजे. कोकणातल्यासारख्या दमट हवेत लाकूड फुगते, नळीवर एका बाजूने दाब येतो आणि नेम सरकतो. कृत्रिम दस्ते आणि न गंजणारे पोलाद पुढे आले ते याच कारणाने, आणि वापराच्या दृष्टीने ते सरसच आहेत.

शेवटी खुणा वाचाव्यात. नळीच्या मुळाशी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के, काडतुसाचा प्रकार आणि अनुक्रमांक असतो. काडतुसाचे नाव इतिहासाशी जोडलेले असते: विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने .४५० इंच व्यासाच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी घातली, तेव्हा बंदूककारांनी .४६५ आणि .४७० सारखे नवे व्यास काढले. भारतात परवान्यावर अनेकांकडे असलेली ईशापूर कारखान्याची .३१५ रायफलही ली-एनफिल्ड या ब्रिटिश फौजेच्या रायफलीच्या रचनेवरच बेतलेली आहे; लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य असल्याने तिला वेगळा व्यास दिला गेला.

अनुक्रमांक मात्र वहीत उतरवून घ्यावा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड आणि वेस्टली रिचर्ड्स या ब्रिटिश बंदूककार कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत, आणि क्रमांक कळवला की रायफल कधी व कोणासाठी तयार झाली हे बहुधा समजते. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी ही याचे सुंदर उदाहरण होय. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्यांना भेट दिली, आणि २०१५ मध्ये ती पुन्हा रिग्बी कंपनीकडेच परतली. तिची ओळख पटवणारा दागिना म्हणजे दस्त्यावरची चांदीची छोटी पट्टी. बाकी रायफल अगदी साधी आहे.

रायफल परत देताना किंचित तेल लावलेल्या मऊ कापडाने जिथे जिथे हात लागला तिथे पोलाद पुसून द्यावे. तळहाताच्या घामातील मीठ एका रात्रीत बोटाचा तांबूस ठसा उमटवते.