ॲनिमे मालिकेच्या पहिल्या भागाची नोंद कशी लिहावी

जपानमध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे वर्षातून चार वेळा ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचे नवे हंगाम सुरू होतात आणि त्या त्या महिन्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डझनावारी मालिकांचे पहिले भाग एकामागून एक येऊन पडतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकणारे विद्यार्थी असोत, वसतिगृहातली मंडळी असोत किंवा हिंजवडीहून परतताना बसमध्ये मोबाइल उघडणारे नोकरदार असोत, या दिवसांत पुण्यातल्या प्रत्येक चाहत्याच्या तोंडी एखाद्या मालिकेविषयी ‘भारी आहे’ किंवा ‘काही दम नाही’ असा निकाल असतो. तो निकाल महिन्याभराने आठवत नाही आणि आठवला तरी तो कशाच्या आधारावर दिला होता, हे सांगता येत नाही. ज्यांना पहिल्या भागावरचे आपले मत स्वतःसाठी किंवा चार मित्रांसाठी नीट लिहून ठेवायचे आहे, त्यांनी एकच पथ्य पाळावे: पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसले, ते पाहून आपल्याला काय वाटले आणि त्यावरून पुढचा कोणता अंदाज आपण बांधला, या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

मालिका लावण्यापूर्वी तिच्याविषयी थोडी माहिती असावी, पण फार नसावी. भाग किती आहेत, कथा मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) किंवा कादंबरीवरून घेतलेली आहे की मालिकेसाठीच लिहिलेली आहे, दिग्दर्शक कोण आणि स्टुडिओ कोणता, एवढे वहीच्या वरच्या ओळीत लिहिले की पुरे. कथासार, इतरांनी दिलेले गुण आणि लांबलचक ट्रेलर मात्र टाळावेत, कारण ते पाहून बसलेला प्रेक्षक पहिला भाग पाहत नाही, आधी ऐकलेले खरे ठरते का एवढेच तपासत राहतो. भागांची संख्या आधी माहीत असण्याला विशेष महत्त्व आहे. एका हंगामाच्या मालिकेत साधारण १२ किंवा १३ भाग असतात, प्रत्येक भाग सुमारे २४ मिनिटांचा असतो आणि त्यातली सुरुवातीची व शेवटची दोन गाणी प्रत्येकी दीड मिनिट घेतात. म्हणजे कथेच्या वाट्याला एकवीसच मिनिटे उरतात. बारा भागांच्या मालिकेला या एकवीस मिनिटांत बरेच काही मांडून दाखवावे लागते, तर पन्नास-साठ भागांच्या मालिकेला तशी घाई नसते, आणि दोघींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होते.

वेळेचे गणितही एकदा समजून घ्यावे. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे आणि प्रौढांसाठीच्या बहुतेक मालिका तिकडे रात्री उशिरा लागतात. तेथील वेळापत्रकात मध्यरात्रीनंतरची वेळ २४ च्या पुढे मोजण्याची रीत आहे, त्यामुळे ‘शनिवार २५:३०’ याचा अर्थ रविवारी पहाटेचा दीड, आणि त्या क्षणी पुण्यात शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. वेळापत्रकातला वार आपल्याकडे बहुधा तसाच राहतो, ही त्यातली सोय. अधिकृत संकेतस्थळांवर भाग येण्यास थोडा उशीर धरला, तरी अनेक मालिका आपल्याकडे ऐन जेवणाच्या किंवा जेवणानंतरच्या वेळी पडतात. ताट पुढ्यात घेऊन सबटायटल वाचणारा माणूस चित्राचा निम्मा भाग गमावतो. म्हणून पहिला भाग तरी जेवण आटोपून, एका बैठकीत, वेग न वाढवता पाहावा. गाणी पहिल्या खेपेस पुढे ढकलू नयेत. पहिल्या भागात सुरुवातीचे गाणे पुष्कळदा शेवटी वाजते आणि मालिकेचा सूर कोणता असणार आहे, याचा पुरावा त्यात मिळतो.

भाग जपानी आवाजात पाहिला की हिंदी डबमध्ये, हेही नोंदवावे, कारण पात्राचा स्वभाव आपल्यापर्यंत निम्मा आवाजातूनच पोहोचतो. डब म्हणजे दुय्यम असे धरून चालण्याचे कारण नाही. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर लागणारी मोगलीची मालिका मुळात जपानी होती, आणि तिच्या हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. आपल्यापैकी कित्येकांचे पहिले ॲनिमे तेच, मात्र ते जपानी आहे याचा पत्ता कोणाला नव्हता. जपानी शिकणाऱ्यांची अडचण वेगळी आहे: जपानी भाषेच्या एन-४ किंवा एन-३ पातळीच्या परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी नकळत सबटायटलमधल्या चुका शोधू लागतो आणि कथा निसटते. भाषेच्या नोंदी दुसऱ्यांदा पाहताना कराव्यात.

आता प्रत्यक्ष लिहिण्याविषयी. अप्पा बळवंत चौकात मिळणारी कोणतीही साधी वही चालेल. पानावर तीन उभे रकाने आखावेत आणि त्यांना ‘दिसले’, ‘वाटले’ व ‘अंदाज’ अशी नावे द्यावीत. भाग चालू असताना फार तर मिनिटाचा आकडा टिपावा आणि बाकीचे लेखन भाग संपल्यावर लगेच, दुसरे काही लावण्यापूर्वी करावे. पहिल्या रकान्यात विशेषणे येऊ द्यायची नाहीत. ‘चित्रण वाईट आहे’ हे वाक्य तेथे बसत नाही. ‘चेहऱ्याच्या रेषा वाकड्या आहेत, पडदा मांगाच्या पानासारखा चौकटींत विभागला आहे, पण चेंडू मारताना खांदा आणि कंबर एकत्र वळतात’ हे बसते. हे वर्णन मासाआकी युआसा यांच्या २०१४ मधील ‘पिंगपाँग द ॲनिमेशन’ला लागू पडेल. अकरा भागांची ही मालिका केवळ रेषा आवडल्या नाहीत म्हणून पहिल्याच भागात सोडून देणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते ते एका उत्तम क्रीडामालिकेला मुकतात. रेषा निष्काळजीपणाने वाकडी आहे की ठरवून, हे ओळखायचे असेल तर स्थिर चित्राकडे न पाहता हालचालीकडे पाहावे: शरीराला वजन आहे का, पाय जमिनीला टेकतात का, वेग कोठे वाढतो आणि कोठे थांबतो.

चित्रणाविषयी लिहिताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे दर सेकंदाच्या २४ चौकटींपैकी (फ्रेम) दोन किंवा तीन चौकटींसाठी एकच चित्र धरून ठेवण्याची पद्धत जपानी दूरचित्रवाणीवर रुळलेली आहे, त्यामुळे कमी चित्रे हा आपोआप दोष ठरत नाही. दुसरी म्हणजे पहिल्या भागाला सहसा अधिक वेळ आणि स्टुडिओतली अधिक कसलेली माणसे मिळतात. पहिल्या भागाची झळाळी पाचव्या-सहाव्या भागापर्यंत टिकेल, असे ‘अंदाज’ या रकान्यात लिहायला हरकत नाही, पण ते ‘दिसले’मध्ये लिहू नये.

हे रकाने वेगळे का ठेवायचे, याचे सर्वांत बोलके उदाहरण २००६ मधील ‘हारुही सुझुमिया’ ही क्योटो ॲनिमेशनची मालिका आहे. तिचा सर्वांत आधी प्रक्षेपित झालेला भाग म्हणजे मालिकेतल्याच शाळकरी पात्रांनी बनवलेला हौशी चित्रपट होता: कॅमेरा हलतो, अभिनय ताठर आहे, प्रसंगांना शेंडाबुडखा नाही. हे सगळे ज्याने पहिल्या रकान्यात लिहिले, त्याचे निरीक्षण अचूक होते. ‘मालिका बनवणाऱ्यांना काम येत नाही’ असे ज्याने तिसऱ्यात लिहिले, त्याचा अंदाज साफ चुकला, कारण ते अनाडीपण अत्यंत काळजीपूर्वक रचलेले होते.

चित्रणापेक्षाही मी पहिल्या भागात एका गोष्टीवर अधिक लक्ष ठेवतो, आणि ती म्हणजे मालिका आपल्या जगाची माहिती कशी देते. पात्रे एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी केवळ प्रेक्षकासाठी समजावून सांगत असतील, तर ते मिनिट टिपून ठेवावे. याच्या उलट, १९९८ मधील ‘काउबॉय बीबॉप’च्या पहिल्या भागात नायकांची कडकी कोणीही भाषणातून सांगत नाही, जेट ढोबळी मिरची आणि बीफ असा पदार्थ वाढतो, स्पाइक त्यात बीफच नाही म्हणून कुरकुरतो, आणि यानावरच्या दोघांचा धंदा कसा चालला आहे हे आपल्याला तेवढ्यात कळते. ‘फ्रीरेन’चा पहिला भाग याहून धाडसी आहे. राक्षसराजाला मारून दहा वर्षांचा प्रवास संपवलेली मंडळी राजधानीत परततात तेथे कथा सुरू होते, त्याच भागात पन्नास वर्षे उलटतात, आणि हजार वर्षे जगणारी नायिका सोबत्याच्या अंत्यविधीला उभी असताना आपण त्याला ओळखूनच घेतले नाही म्हणून रडते. काळाची ही उडी निवेदनातून कमी आणि सोबत्यांच्या पिकलेल्या केसांतून व वाकलेल्या पाठीतून अधिक कळते. असे प्रसंग नोंदवताना ‘भावस्पर्शी’ असा शिक्का मारण्यापेक्षा काय दाखवले आणि काय न सांगता सोडले, हे लिहिणे अधिक कामाचे असते.

किती भाग पाहून मत बनवावे, यावर चाहत्यांमध्ये ‘तीन भागांचा नियम’ प्रचलित आहे. २०११ मधील ‘मादोका मागिका’च्या तिसऱ्या भागात मालिकेचा चेहरामोहरा असा काही पालटतो की त्या नियमाचे उदाहरण म्हणून तिचेच नाव घेतले जाते. नियम सोयीचा आहे, पण आंधळेपणाने पाळण्याजोगा नाही. २००५ मधील ‘मुशिशी’त प्रत्येक भाग स्वतंत्र गोष्ट आहे, तिचा संथ, धुकट सूर एका भागात ज्याला भावला नाही, त्याला तिसऱ्या भागातही भावण्याची शक्यता कमी. ‘स्टाइन्स गेट’ ही २४ भागांची मालिका अर्ध्यापर्यंत रेंगाळत असल्यासारखी वाटते आणि बाराव्या भागाच्या सुमारास तिची पकड घट्ट होते, म्हणून तेथे तीन भाग अपुरे आहेत. १९९९ पासून चालू असलेल्या आणि हजार भाग केव्हाच ओलांडलेल्या ‘वन पीस’पुढे तर तीन भाग म्हणजे काहीच नाहीत. कधी कधी निर्मातेच हा प्रश्न सोडवून टाकतात: ‘फ्रीरेन’चे पहिले चार भाग २९ सप्टेंबर २०२३ रोजी सलग दोन तासांच्या कार्यक्रमात दाखवले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ‘ओशी नो को’चा पहिला भाग जवळपास दीड तासाचा होता, कारण कथेचे खरे वळण त्याच्या शेवटी येते. बारा भागांची मालिका असेल तर तीन, चोवीसची असेल तर पाच-सहा आणि त्याहून मोठी असेल तर पहिले कथानक संपेपर्यंत, असे माप मी धरतो. पण नोंद मात्र पहिल्या भागानंतरच करावी आणि नंतर ती खोडू नये. मत बदलले तर तारीख घालून खाली लिहावे.

जुनी कथा नव्याने सांगणाऱ्या मालिकांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’ २००९ मध्ये आली तेव्हा २००३ ची मालिका प्रेक्षकांना ठाऊक होती, त्यामुळे नवीन मालिकेने पहिल्या भागात मूळ मांगात नसलेले कथानक आणून पात्रांची गर्दी केली आणि त्यानंतरचा ओळखीचा भाग भरभर उरकला. नव्याने पाहणाऱ्याला ही सुरुवात घाईची वाटते आणि ते वाटणे खोटे नाही. पण ६४ भागांच्या मालिकेविषयीचा अंदाज तेवढ्यावर बांधणे धोक्याचे आहे.

एका संध्याकाळी चार-पाच पहिले भाग लागोपाठ पाहण्याचा मोह हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांनाच होतो, पण त्यात दुसऱ्या मालिकेचे मत पहिलीच्या सावलीत तयार होते. ‘अटॅक ऑन टायटन’च्या रक्तरंजित पहिल्या भागानंतर लगेच ‘के-ऑन’ लावले, तर चहा-केकभोवती रमणाऱ्या मुलींच्या संगीत क्लबात काही घडतच नाही असे वाटणार. शक्यतो दिवसाला दोनच भाग पाहावेत, त्यातही भिन्न प्रकृतीच्या मालिकांमध्ये थोडा अवकाश ठेवावा आणि प्रत्येक प्रकाराला त्याचा प्रश्न विचारावा. ‘हायक्यू’सारखी क्रीडामालिका असेल तर व्हॉलीबॉल न खेळलेल्याला डाव कशासाठी चालला आहे हे कळते का? ‘स्पाय एक्स फॅमिली’सारखी विनोदी मालिका असेल तर तिची मांडणी दोन वाक्यांत मित्राला सांगता येते का? आपली पार्श्वभूमीही मतात उतरते, हे येथे आठवावे. २०१६ मधील ‘शोवा गेन्रोकु राकुगो शिन्जू’च्या पहिल्या भागात एकच कलावंत उशीवर बसून, पंखा आणि हातरुमाल एवढ्याच साधनांनिशी, आवाज बदलत साऱ्या पात्रांचे संवाद म्हणतो. कीर्तन आणि एकपात्री प्रयोग पाहत वाढलेल्या पुणेकराला ते लांबलचक सादरीकरण जड जात नाही, परंतु ज्याने असे काही कधी पाहिलेले नाही, त्याला ते रटाळ वाटू शकते. दोघांनीही आपापल्या ‘वाटले’ रकान्यात हे कारण लिहावे.

दहापैकी गुण पहिल्या भागानंतर देऊ नयेत. ‘पुढे पाहणार’, ‘थांबून पाहणार’ आणि ‘सोडली’ या तीनच नोंदी ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे एका वाक्यात कारण द्यावे. नोंद मित्रांना द्यायची असेल, तर भागाच्या मधल्या विश्रांतीपर्यंत जे दिसते तेवढेच सांगावे, त्यापुढचे वळण त्यांच्यासाठी राखून ठेवावे. हिंसा, रक्तपात किंवा लैंगिक प्रसंग असतील तर ते मात्र लपवू नयेत. आपल्याकडे अजूनही ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून घरातल्या लहान भावंडांसमोर काहीही लावले जाते.

हंगाम संपल्यावर वही पुन्हा उघडावी आणि दुसऱ्या रंगाच्या शाईने तिसऱ्या रकान्यातील अंदाजांपुढे ‘खरे ठरले’ किंवा ‘नाही’ असे लिहावे. दोन-तीन हंगामांनंतर आपण कोणत्या प्रकारच्या मालिकांना नेहमी घाईने सोडतो आणि कोणत्या स्टुडिओच्या नावाला भुलतो, हे त्यातून दिसू लागते. सोडलेल्या मालिकांची पाने फाडू नयेत. वर्षभराने एखाद्याने त्याच मालिकेची भरभरून शिफारस केली, तर आपण कोणत्या मिनिटाला आणि कशासाठी थांबलो होतो हे तेथे लिहिलेले असते, आणि ते कारण अजून लागू आहे की नाही हे पाहून पुन्हा सुरुवात करायची की नाही, हे ठरवता येते.