बधिरांध व्यक्तींसाठी स्वतंत्र पैरवीकार घडवताना: प्रशिक्षणाआधीची तयारी

बधिरांध म्हणजे जिचं ऐकणं आणि दिसणं दोन्ही बाधित आहे अशी व्यक्ती, आणि पैरवीकार म्हणजे तिचं म्हणणं तिच्या बाजूने मांडणारा माणूस. त्याच्या प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी शिकवणार कोण हे ठरवा. बधिरांध व्यक्तींना शेवटच्या सत्रात अनुभव सांगायला बोलावून भागत नाही. अभ्यासक्रम आखताना त्या सोबत हव्यात, आणि मानधनही इतर प्रशिक्षकांइतकंच हवं. शक्य असेल तर वेगवेगळ्या वाटांनी इथवर आलेल्या व्यक्ती निवडा. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात श्रवणदोष बहुतेकदा जन्मापासून असतो आणि दृष्टी पुढे कडेकडेने आक्रसत जाते. अशी व्यक्ती अनेकदा खुणांच्या भाषेतच वाढलेली असते. उतारवयात डोळे आणि कान दोन्ही मंदावलेल्या माणसाची भाषा बोलीच राहते, फक्त ती त्याच्यापर्यंत पोचेनाशी होते. आणि गर्भात असताना रुबेलाची बाधा होऊन जन्मतः बधिरांध असलेल्या एखाद्याकडे कदाचित औपचारिक भाषाच नसेल. हातात चमचा दिला की जेवायची वेळ झाली, हे त्याला कळतं. या तिघांकडे एकाच साच्यातला पैरवीकार पाठवला, तर तिघांचंही म्हणणं मागे राहील.

ही मोजक्या लोकांची गोष्ट आहे असं म्हणत कुणी खर्चाला हात आखडता घेत असेल, तर बधिरांधांच्या जागतिक महासंघाचा 2018 चा अहवाल समोर ठेवा. त्यानुसार तीव्र स्वरूपाची बधिरांधता लोकसंख्येच्या सुमारे 0.2 टक्के लोकांना असते, आणि सौम्य स्वरूपही धरलं तर आकडा 2 टक्क्यांच्या आसपास जातो.

सभागृहाच्या आधी दुभाषे ठरवा. स्पर्शाने खुणा पोचवणाऱ्याचे खांदे आणि मनगटं लवकर भरून येतात, म्हणून एका बधिरांध प्रशिक्षकामागे दोन दुभाषे आलटून पालटून काम करतील असं पाहा. सत्रं लहान ठेवा, मधल्या सुट्ट्या खऱ्या अर्थाने द्या. हातावरून ऐकणाऱ्यालाही थकवा येतोच. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको. काहींची थोडी दृष्टी शिल्लक असते आणि झगमगाटात तीही निकामी होते. हाताच्या रंगाशी विरोध साधणारे साधे, एकरंगी कपडे घालायला प्रशिक्षणार्थींना आधीच सांगा. अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, नखं कापलेली, हात धुऊन कोरडे केलेले असावेत. उग्र अत्तर नको. समोरचा माणूस तास न् तास या हातांवरूनच सगळं ऐकणार असतो, त्यामुळे या बारीकसारीक गोष्टींवर मी अडून बसते.

कागदपत्रं ब्रेलमध्ये, मोठ्या टायपात आणि संगणकावर वाचता येईल अशा मजकुरात, तिन्ही प्रकारे, किमान आठवडाभर आधी पोचवा. पानाचा फोटो काढून पाठवू नका. संगणकावरचा मजकूर बोटांखाली उठावाच्या ठिपक्यांत आणणाऱ्या ब्रेल डिस्प्लेला त्यातलं एक अक्षरही सापडत नाही.

आता प्रत्यक्ष शिकवण्याबद्दल. पहिल्या सकाळी फक्त भेटण्याचा सराव घ्या. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा हाताच्या पाठीवर हलका स्पर्श करून थांबायचं, आणि समोरच्याने आपला हात स्वतःहून धरेपर्यंत वाट पाहायची. नाव दर भेटीत सांगायचं, ओळख कितीही जुनी असली तरी. निघताना निघतोय असं सांगायचं, आणि माणसाला मोकळ्या जागेत उभं न सोडता त्याचा हात खुर्चीच्या पाठीला किंवा भिंतीला लावून द्यायचा. मग तळहातावर लिहिणं घ्या: एक अक्षर, त्याच जागी पुढचं, शब्द संपला की थोडं थांबणं, चुकलं तर तळवा पुसून पुन्हा. हे सगळ्यांना यायलाच हवं. बोटांवरच्या वर्णमाला जिथे जी वापरात असेल ती शिकवा. ब्रिटिश पद्धतीत अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या पाच टोकांवर पाच इंग्रजी स्वर बसवलेले आहेत. जर्मन भाषकांत 1881 मध्ये हिरोनिमस लोर्म यांनी तयार केलेली, ठिपके आणि रेघांची पद्धत आजही चालते. पाठीवर मोठी फुली काढली की तातडीचा प्रसंग, आधी बाहेर पडायचं आणि बोलायचं नंतर, हा संकेत जिथे वापरतात तिथे तोही घ्या.

डोळ्यांवर पट्टी आणि कानांत बोळे घालून फिरवण्याचा प्रयोग मी शक्यतो टाळते. त्यातून शिकणाऱ्याला स्वतःची भीती कळते. अनेक वर्षं असं जगणाऱ्या माणसाचं कौशल्य कळत नाही.

सर्वांत जास्त वेळ स्वातंत्र्याच्या सत्राला द्या. पैरवीकार म्हणजे दुभाषी नव्हे, वाटाड्या नव्हे, नातेवाईक नव्हे, आणि सेवा देणाऱ्या संस्थेचा नोकर तर नव्हेच. एक बैठक उभी करा: घर बदलण्याबद्दल चर्चा चालू आहे, सहा जण बोलताहेत, आणि भाऊ म्हणतो, “त्याला चालेल, मी ओळखतो त्याला.” ज्याचं घर आहे त्याच्या हातावर अजून आधीचंच वाक्य पोचतंय. पैरवीकाराने इथे बैठक थांबवायची आहे. एका वेळी एकाने बोलायचं, आधी नाव सांगायचं, दुभाष्याचे हात थांबेपर्यंत पुढचं बोलायचं नाही, हे नियम सगळ्यांसमोर मागून घ्यायचे. हा प्रसंग आवाज न चढवता निभावता येईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घ्या.

होकारावर वेगळा सराव ठेवा. 2007 च्या सुमारास अमेरिकेतल्या सिएटलमधल्या बधिरांध मंडळींनी प्रोटॅक्टाइल ही स्पर्शावर चालणारी संवादाची पद्धत घडवायला सुरुवात केली. तिच्यात ऐकणारा बोलणाऱ्याच्या मांडीवर बोटांनी थापटत ‘ऐकतोय, पुढे सांग’ असं कळवत राहतो. अशा थापटण्याला संमती समजून कागदावर नोंद झाली, तर माणसाचं घर जाऊ शकतं. म्हणून प्रश्न उलटा विचारायला शिकवा, त्याच्याच शब्दांत परत मागायला शिकवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला लावा.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं, कायद्यापुढे समान मान्यता देणारं कलम 12 प्रत्येकाच्या हातात द्या. 2014 मध्ये त्यावर या कराराच्या समितीने केलेलं भाष्य स्पष्ट आहे: सगळे प्रयत्न करूनही इच्छा कळली नाही, तर त्या व्यक्तीची इच्छा आणि पसंती काय असेल याचा जास्तीत जास्त प्रामाणिक अर्थ लावायचा, तिच्या ‘भल्याचा’ निर्णय इतरांनी घ्यायचा नाही. औपचारिक भाषा नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे काम दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी शेजारी बसूनच होतं. कोणती वस्तू ढकलली, कोणाच्या स्पर्शाने खांदे सैल झाले, याच्या नोंदी ठेवायला शिकवा.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. खुणा लांबूनही वाचता येतात, म्हणून खासगी बोलणं बंद खोलीतच व्हावं, आणि खोलीत कोण आहे, कोण आलं, कोण गेलं हे त्या व्यक्तीला सांगावं. दुसरी गोष्ट चार्ल्स बॉनेट सिंड्रोमची. दृष्टी गेलेल्या काहींना नसलेल्या आकृती दिसतात. हा मनोविकार नव्हे, तरी फाइलमध्ये ‘गोंधळलेला’ असा शेरा पडतो आणि पुढे त्याच शेऱ्यावरून त्याचं म्हणणं बाजूला सारलं जातं. पैरवीकाराला तो शेरा खोडून काढता आला पाहिजे.

प्रशिक्षण संपलं की लगेच एकट्याला प्रकरण सोपवू नका. सुरुवातीच्या भेटींना अनुभवी पैरवीकार सोबत हवा, आणि हातांचा सराव सुटू नये म्हणून ठरावीक दिवसांनी एकत्र बसणंही वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. प्रमाणपत्राचा निर्णय मात्र बधिरांध प्रशिक्षकांवर सोपवा: त्यांनी प्रत्येकाशी हातावर अर्धा तास बोलून पाहावं आणि मग सांगावं, या माणसाला ते आपल्या बैठकीला नेतील का.