मांडवा ते रेवदंडा सायकलवर: निघायच्या आधी काय काय बघायचं

माझी आणि मैत्रिणीची दर हिवाळ्यात एक ठरलेली राईड असते, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली चढवायच्या, तासाभरात मांडव्याला उतरायचं आणि किहीम, अलिबाग, नागाव, चौल करत रेवदंड्यापर्यंत जाऊन संध्याकाळच्या बोटीने परत. मांडवा ते अलिबाग साधारण 20 किलोमीटर, पुढे रेवदंडा 17-18, म्हणजे जाऊन येऊन 75 च्या आसपास होतात. खूप जण विचारतात काय काय नेता म्हणून लिहितेय, पण आमची तयारी बॅगेपासून नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयपासून सुरू होते.

कारण अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही, त्यामुळे तारीख नुसता रविवार बघून धरायची नाही. कोकणातला जुना हिशोब सोपाय, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती, आणि तिथून साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी. पंचमी असेल तर भरती पावणेचारला, म्हणजे सकाळची ओहोटी पावणेदहाला, आम्ही अलिबागला पोचतो तेव्हाच! अष्टमी-नवमीला मात्र भांग असते, पाणी फारसं मागे हटतच नाही, म्हणून ते दिवस आम्ही सोडून देतो. मोबाईलवर भरती-ओहोटीचं टाइमटेबलही बघायचं आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, हे दोन्ही करायचंच.

तारीख ठरली की लगेच बोटीची तिकिटं, सायकलचं तिकीट वेगळं असतं ते विसरू नका, आणि परतीच्या बोटीची वेळ दोघींच्याही फोनमध्ये अलार्म लावून ठेवायची.

आता सायकल. आदल्या आठवड्यात हवा, ब्रेक, चेन बघून घ्यायची, आदल्या रात्री नाही, कारण रात्री काही सापडलं तर दुकान उघडं नसतं. टायरमध्ये किती हवा भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. दोघींच्या सायकली वेगळ्या असतील तर ट्यूबही वेगळ्या लागतात, एकीची दुसरीला बसत नाही, म्हणून ज्याची त्याची एक-एक स्पेअर ट्यूब हवीच. आणि व्हॉल्व्ह बघा! माझ्या सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे, तिच्या सायकलला मोटरसायकलसारखा जाड. दोन वर्षांपूर्वी नागावच्या अलीकडे माझं चाक बसलं, आमच्याकडचा एकुलता एक पंप तिचा होता, तो बसेना, पेट्रोल पंपावरचा पाईपही बसेना, आणि उन्हात सायकल ढकलत चालावं लागलं, तीही स्वतःच्या सायकलवरून उतरून माझ्याबरोबर चालत राहिली, पुढे हो म्हटलं तरी गेली नाही. तेव्हापासून प्रेस्टाचं छोटं पितळी ॲडॅप्टर माझ्या टूल पाऊचमध्ये कायम असतं, नखाएवढी वस्तू आहे पण तिच्यामुळे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बाकी टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन, ॲलन की, हे दोघींत मिळून एकच सेट पुरतो, जड तेवढं वाटून घ्यायचं.

हेल्मेट, पुढचा-मागचा लाईट (डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो), दोन-दोन बाटल्या पाणी, ओआरएस, चिक्की, खजूर, सुटे पैसे. जेवण नेऊ नका, वाटेत पोहे, शहाळं, कोकम सरबत सगळं मिळतं.

मी छोटी दुर्बीण नेतेच. 1930 मध्ये सलीम अलींनी किहीमला सुगरणींचा अभ्यास केला होता, म्हणून चोंढीहून आत वळून तिथे थोडा वेळ थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, आणि हिवाळ्यात अलिबागच्या किनाऱ्यावर कुरव पक्षी असतातच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारा. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, आणि आपण तेव्हा रेवदंड्याहून उत्तरेला निघालेलो असतो, म्हणजे थेट तोंडावर. त्यामुळे सकाळी वाड्यांतल्या सावलीत पाय छान पळत असले तरी चौलपर्यंत निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक पाहिजे, आणि परतीला दोन-दोन किलोमीटर आळीपाळीने पुढे राहायचं, मागचीला तेवढाच आडोसा मिळतो. काशीदपर्यंत जायचा मोह होतो, पण किल्ला आणि काशीद दोन्ही एका दिवसात केलं तर बोट चुकायची भीती, म्हणून किल्ला बघितला तर रेवदंड्याचा कोट आणि खाडीवरचा पूल बघून मागे फिरायचं, हे निघायच्या आधीच एकमेकींना सांगून ठेवायचं, उन्हात दमल्यावर ठरवायला बसलं की वाद होतात.

वाळूत सायकल चालवू नका. एक जुना सुती कपडा आणि तेलाची छोटी बाटली घ्या, बोटीतच चेन पुसून होते, घरी गेल्यावर साध्या पाण्याने सायकल धुवून, कोरडी करून चेनला तेल दिल्याशिवाय झोपायचं नाही, खारं पाणी एका रात्रीतही गंज धरवतं.